थांबल्या पाण्यातला गळ

हस्ताचा पाऊस उघडला, की गावोगावची तळी, पाझर तलाव आणि नाल्यावरचे बंधारे काठोकाठ भरलेले दिसतात. गढूळपणा खाली बसू लागतो, काठचे गवत अजून हिरवे असते, आणि काढणीच्या धांदलीतून एखादी संध्याकाळ मोकळी सापडली, की घरातला पोरगा बांबूची काठी शोधू लागतो. दोन तास तो बोयाकडे टक लावून बसतो आणि दिवेलागणीला बोटभर लांबीची एक तिलापी घेऊन घरी येतो. घरात हसू होते. मग तो म्हणतो, तळ्यात मासेच नाहीत.

मासे असतात. चुकते ते एवढेच, की ओढ्यात गळ टाकण्याची जी रीत आपण वाडवडिलांकडून शिकलो, ती थांबलेल्या पाण्यात जशीच्या तशी चालत नाही. ओढ्याच्या पाण्याला ओढ असते. मासा धारेकडे तोंड करून एखाद्या खडकाच्या आडोशाला उभा राहतो, आणि पाणीच त्याच्या तोंडाशी खाणे आणून देते. तुम्ही वरच्या अंगाने आमिष सोडले, की निम्मे काम प्रवाह करतो. तळ्यात खाणे चालत येत नाही, माशालाच त्याच्यामागे हिंडावे लागते. म्हणून तळ्यावर जाणाऱ्याने आधी दोन गोष्टी ठरवाव्यात. आज मासा कोणत्या काठाला आहे आणि किती खोल आहे. आमिष कोणते, हा प्रश्न तिसरा. आपण नेमका तोच पहिला धरून बसतो, आणि पिठात हिंग घालावा की वेलदोडा यावर पारावर वाद घालतो.

या दोन प्रश्नांचा सर्वांत बारकाईने विचार कोणी केला असेल, तर ट्राउट माशाच्या नादी लागलेल्या इंग्रजांनी. त्यांच्याकडे ब्रिस्टल शहराला पाणी पुरवण्यासाठी बांधलेला ब्लॅगडन नावाचा तलाव आहे. तो १९०४ साली गळाच्या मासेमारीसाठी खुला झाला, आणि नदीवर शिकलेल्या लोकांना तिथे नव्याने धडे गिरवावे लागले. त्यांचा गळ मोठा मजेशीर असतो. आकड्याला पिसे, केस आणि रेशमी दोरा गुंडाळून ते एक खोटी माशी बनवतात. ती इतकी हलकी, की हाताने फेकली तर पायाशीच पडेल. म्हणून वजन गळाला न देता दोऱ्याला दिलेले असते. काठी मागे-पुढे झुलवून तो जड दोरा हवेत उलगडायचा, की माशी त्याच्या टोकाला अलगद जाऊन पाण्यावर उतरते. ज्याने बैलगाडीवर बसून चाबूक हवेत फिरवला आहे, त्याला हे निराळे समजावून सांगायला नको.

पण खरी विद्या फेकण्यात नाही, त्यानंतरच्या थांबण्यात आहे. तळ्याच्या चिखलात तांबड्या दोऱ्यासारख्या बारीक अळ्या असतात. आपल्याही तळ्यात त्या आहेत, काठचा गाळ ओंजळीत घेऊन धुतला तर दिसतील. या अळीचा कोष होतो, तो तळातून हळूहळू वर चढतो, पाण्याच्या सायीला लटकतो आणि त्यातून चिलटासारखा, पण न चावणारा किडा उडून जातो. संध्याकाळी तळ्यावर थव्याने घोंघावणारी चिलटे ती हीच. ट्राउट या कोषांवर तुटून पडतो. ते तळाशी असतील तेव्हा तळाशी आणि वर चढले की वरच्या अंगाला. मग तिथला गळवाला काय करतो? माशी पाण्यात टाकतो आणि मनात आकडे मोजतो. पाच मोजून दोरा ओढला, काही नाही. पुढच्या खेपेस दहा, मग पंधरा, मग वीस. ज्या आकड्याला झटका बसला, तो आकडा त्या दिवसाचा. मग दर खेपेस तेवढेच मोजायचे. ओढणेही कसे, तर बोटांत दोरा आठाच्या आकड्याने गुंडाळत, कोष जितका सावकाश हलतो तितकेच सावकाश. घाई केली, की मासा ओळखतो.

ट्राउट आपल्याकडे होत नाही, हे इथेच सांगून टाकतो. त्याला थंड पाणी लागते. वीस अंशांच्या वर पाणी तापले, की त्याचे हाल सुरू होतात. इंग्रजांनी तो १९०० च्या सुमारास काश्मीरला आणि पुढे निलगिरीच्या डोंगरावर आणून सोडला, तिथल्या गार पाण्यात तो टिकला. चैत्र-वैशाखात आपल्या तळ्याचे पाणी अंगाला कोमट लागते. तेव्हा कोणी ट्राउटचे बीज विकायला दारात आला, तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. मासा त्यांच्याकडे राहू द्या, विद्या तेवढी आपण घेऊ.

आता आपले मासे. कटला, रोहू आणि मृगळ ही तिन्ही भावंडे एकाच तळ्यात सोडतात, कारण त्यांची पंगत वेगवेगळ्या मजल्यावर बसते. कटल्याचे तोंड वर वळलेले, तो पाण्याच्या वरच्या थरात खातो. रोहू मधल्या थरात. मृगळाचे तोंड खाली, तो गाळ उकरतो. त्याच्या जोडीला सायप्रिनस असेल तर तोही तळाचाच. म्हणजे बोया आणि आकडा यांमधले अंतर बदलले, की गिऱ्हाईक बदलते. ज्या पोराने सगळा दिवस बोया हातभर अंतरावर बांधून ठेवला आणि समोर चार हात पाणी होते, त्याचे आमिष ना कटल्याच्या पंगतीत होते, ना मृगळाच्या. ते तिलापीच्या पोरांनी कुरतडून संपवले.

यासाठी करायचे ते सोपे आहे. गेल्याबरोबर दोऱ्याला जरा मोठे शिसे बांधून ते पाण्यात सोडा आणि तळाला टेकेपर्यंत दोरा हाताने मोजा. उन्हाळ्यात तळे आटलेले असताना एकदा त्यात फिरून आलात, तर याहून बरे. कुठे जुना नाला होता, कुठे मुरूम काढल्याचा खड्डा आहे, कुठे बाभळीचे खोड बुडते, हे त्या वेळी उघडे दिसते. मृगळासाठी आमिष तळापासून चार बोटे वर किंवा तळालाच टेकलेले ठेवा. रोहूसाठी अर्ध्या पाण्यात ठेवून पाहा, आणि अर्ध्या तासात हालचाल नसेल तर वीतभर खाली न्या. पेंडीच्या वासाने तो तळापर्यंतही उतरतो. इंग्रज आकडे मोजतो, आपण विती मोजायच्या, एवढाच फरक.

बोया शक्य तितका हलका असावा. मोराच्या गळून पडलेल्या पिसाची दांडी उत्तम, नाही तर ज्वारीच्या वाळल्या धांड्याचे सोललेले भेंड. बाजारी प्लॅस्टिकचा लाल-पांढरा चेंडू दिसायला छान, पण मोठ्या माशाला त्याचा जोर जाणवतो आणि तो आमिष थुंकून देतो. बोया टकटक नाचू लागला तर समजा लहान मासा कुरतडतो आहे. तो आडवा पडला किंवा उलट वर उचलला गेला, तर तळाच्या माशाने आमिष उचलले आहे, आणि पुष्कळजण हीच वेळ दवडतात. बोया बाजूला सरकत निघाला, की रोहू. तेव्हा काठी उचला, हिसडा मारू नका.

वाऱ्याचेही असेच आहे. वारा पाण्याची वरची साय हळूहळू एका काठाकडे ढकलतो, आणि तिच्याबरोबर किडे, बी, शेवाळाचे तुकडे त्या काठाला जमतात. आपल्याला सोयीचे म्हणून आपण वारा पाठीवर घेऊन बसतो. दोरा लांब जातो खरा, पण खाणे गेलेले असते समोरच्या काठाला. सकाळ-संध्याकाळ मंद वारा असेल तर ज्या काठाला लाटा लागतात तिथे बसून पाहा, दोरा जरा कमी लांब गेला तरी चालेल. भर दुपारी मात्र मासे खोल पाण्यात किंवा झाडाच्या सावलीत जातात, तेव्हा माणसानेही तेच करावे. बसताना ऊन समोरून घ्यावे, म्हणजे आपली सावली पाण्यावर पडत नाही. काठावर पाय आपटू नयेत. माशाला ऐकू येत नाही, असे म्हणणाऱ्याने एकदा काठावर धपकन बसून बोटकुळ्या कशा पसार होतात ते पाहावे.

एक गोष्ट विसरू नका. दोनतीन दिवस आभाळ भरून राहिले, आणि पहाटे कटला-रोहू पाण्यावर येऊन तोंडे उघडमीट करताना दिसले, तर ते भुकेले आहेत असे समजून गळ टाकू नका. ते गुदमरलेले असतात. पाण्यातला प्राणवायू रात्रीतून कमी झालेला असतो. त्या दिवशी एकही मासा आमिषाला तोंड लावणार नाही. गळ गुंडाळून ठेवा आणि ज्याचे तळे असेल त्याला उठवा. मोटार लावून पाणी वरून उडवत सोडले, तर त्याचे वर्षाचे उत्पन्न वाचेल.

मरळीचे मात्र सगळे निराळे. ती वर येते ती गुदमरून नव्हे. तिच्या डोक्यात हवा धरून ठेवण्याची सोय असते, आणि कल्ल्यांखेरीज तिला अधूनमधून वर येऊन हवेचा घोट घ्यावाच लागतो. म्हणून ती गढूळ, सडक्या, आटत आलेल्या पाण्यातही जगते, चिखलात दबून राहते, आणि ओल्या गवतातून एका डबक्यातून दुसऱ्यात सरपटत जाते. पहाटेच्या शांत पाण्यावर कमळाच्या पानांशेजारी "डुबुक" असा एकच जड आवाज येऊन वर्तुळ उठले, तर ती मरळ. जागा लक्षात ठेवा. ती फार हिंडणारी नाही, झिलाणीच्या कडेला, जलपर्णीच्या खाली, बुडालेल्या खोडाच्या आडोशाला दबा धरून बसते आणि वरून जाणाऱ्या भक्ष्यावर झेप घेते.

तिच्यासाठी आपल्याकडे जिवंत बेडूक आकड्याला टोचण्याची पद्धत आहे. मला ती पसंत नाही. पाठीला आकडा टोचलेला बेडूक तासभर तडफडतो, हे पोराला शिकवण्यासारखे काम नाही. शिवाय बेडूक आपला बिनपगारी गडी आहे. भाताच्या खाचरातले किडे तो रात्रभर खातो. त्यांच्या तंगड्या परदेशी पाठवण्याचा धंदा एके काळी जोरात होता. शेतातले बेडूकच संपू लागले, तेव्हा १९८७ साली सरकारने ती निर्यात बंद केली. आणि गंमत अशी, की मरळीला खऱ्या बेडकाची गरजच नसते. ती रंग किंवा वास पाहत बसत नाही, पाण्यावरची चाल पाहते. तेव्हा इंग्रज जसा पिसांची माशी करतो, तसा आपण बेडूक करावा.

सायकलच्या फाटक्या ट्यूबचा अंगठ्याएवढा तुकडा घ्या. एका टोकाला कात्री लावून दोन पट्ट्या मोकळ्या सोडा, त्या तंगड्या झाल्या. आत चपलेच्या जुन्या तळव्याचा फोमचा तुकडा भरा, म्हणजे तो तरंगेल. मजबूत आकडा त्यातून असा ओवा, की टोक वरच्या बाजूला येईल आणि रबराला टेकून राहील. त्यामुळे तो गवतात अडकत नाही, मरळीने दाबला की मात्र टोक उघडे पडते. तंगूस जाड घ्या. मरळ आकड्यावर आली, की सरळ गवताच्या मुळांकडे घुसते, आणि बारीक दोरा तिथेच तुटतो.

हा बेडूक पाण्यावर न टाकता पानावर टाका. थोडा थांबू द्या. मग हळूच ओढून पानावरून पाण्यात घसरवा, दोन हिसके द्या आणि पुन्हा थांबा. पुष्कळदा झेप या थांबण्यातच येते. पाणी फुटते, आवाज होतो, काळजात धस्स होते, आणि माणूस लगेच ओढतो. बेडूक रिकामा परत येतो. ट्राउटवाल्याची मोजणी इथेही कामी येते. झेप पडली, की मनात एक, दोन, तीन म्हणायचे, दोरा ताणला गेल्याचे हाताला कळू द्यायचे, आणि मग काठी जोराने उचलून तिचे डोके वर ठेवायचे. डोके एकदा खाली गेले, की मरळ तुमची नव्हे, जलपर्णीची.

इथवर वाचून जो उठून ट्यूब शोधायला निघाला असेल, त्याने जरा बसावे. आषाढापासून भाद्रपदापर्यंत, कधी पाऊस लांबला तर त्याहीनंतर, तळ्याच्या उथळ कडेला एक देखावा दिसतो. पाण्यावर बारीक थेंब पडावेत तशी एक वीत-दोन विती जागा सारखी थरथरते, आणि तिथे तांबूस-नारिंगी रंगाचा पुंजका दिसतो. ती मरळीची पिले. हवेचा घोट घ्यायला सगळी मिळून वर येतात, पुन्हा खाली जातात. त्यांच्या खाली, हातभर अंतरावर, आई-बाप राखण करीत असतात. राखणीचे मुख्य काम नराचे. गवत बाजूला सारून तो जागा करतो, अंडी तिथे तरंगतात, आणि पिले बोटभर होऊन त्यांचा रंग पालटेपर्यंत तो त्यांच्यामागे हिंडतो.

या पुंजक्यात काहीही पडले, तरी तो त्याच्यावर तुटून पडतो. भुकेने नव्हे. पिलांच्या रक्षणासाठी. म्हणून त्या वेळी मरळ पकडणे इतके सोपे, की त्याला कसब म्हणणे हा कसबाचा अपमान आहे. तळ्यावर ज्यांची ख्याती असते, त्यातल्या कित्येकांची सारी ख्याती या दोन महिन्यांची असते. आई-बाप उचलले, की संध्याकाळपर्यंत ती शेकडो पिले तिलापी, पाणसाप, बगळे आणि खंड्या यांच्या पोटात जातात. एका किलोच्या माशापायी पुढच्या दोन वर्षांचा मासा गेला.

कटला-रोहूची गोष्ट वेगळी आहे. ते थांबलेल्या पाण्यात वितच नाहीत, त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशात इंजेक्शन देऊन त्यांची अंडी मिळवण्यात यश मिळवले, आणि तेव्हापासून त्यांचे बीज केंद्रात तयार होऊ लागले. तळ्यातला कटला संपला तर पुढच्या पावसाळ्यात बोटुकली विकत आणता येतात. मरळीचे बीज असे जागोजाग मिळत नाही. तिचे बियाणे तुमच्या तळ्यातच आहे, आणि त्या नारिंगी पुंजक्याखाली उभे आहे. कणगीतले पेरणीचे दाणे दळायला काढणाऱ्या घराला आपण काय म्हणतो, ते इथे छापत नाही.

समुद्रावर पावसाळ्यात होड्या बंद असतात आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून कोळी दर्यात उतरतात, हे सर्वांना ठाऊक आहे. तळ्याला तसा सण नाही. उलट आखाडात मासळीची मागणी वाढते, आणि मरळ नेमकी तेव्हाच पिलांशी असते. श्रावण पाळणारी घरे तिच्यावर नकळत उपकार करतात. ग्रामसभेत एक ठराव केला, की पुंजक्यावर गळ टाकायचा नाही आणि पावसाळ्यात मरळ धरायची नाही, तर त्याला पैसा लागत नाही. पोरांनी ते पाळले की नाही, हे म्हशी पाण्यावर नेणाऱ्या बायका बरोबर सांगतात. विष, ब्लीचिंग पावडर आणि विजेची तार यांबद्दल बोलायची गरज नसावी. तीच म्हैस तेच पाणी पिते, आणि विजेच्या तारेने माणसे मेली आहेत.

तलाव बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेने ठेक्याने घेतलेला असतो. बीज त्यांनी सोडलेले असते. तेव्हा आधी विचारावे. नम्रपणे विचारले, तर हाताच्या गळाला सहसा कोणी नाही म्हणत नाही. पण शेततळ्यावर पोरांना एकटे सोडू नका. २०१६ च्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेनंतर शिवाराशिवारात शेततळी झाली. ज्यांना प्लॅस्टिक अंथरलेले आहे, त्यांचा उतार ओला झाला की साबणासारखा असतो. पट्टीचा पोहणारासुद्धा तिथून वर येऊ शकत नाही. काठाला खुंटी ठोकून तिला गाठी मारलेला जाड दोर आणि हवा भरलेली ट्रॅक्टरची ट्यूब बांधून पाण्यात सोडलेली असेल, तरच तिथे गळ टाकावा. नसेल तर त्या दिवशी आधी तेच काम करावे, गळ दुसऱ्या दिवशी.

लहान मासा लागला तर हात ओला करून धरा आणि सोडा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग त्याला बुरशी धरते. आकड्याचा काटा पकडीने दाबून सपाट केला, तर तो अलगद निघतो, पोराच्या बोटातूनसुद्धा.

घरी न्यायची मरळ ओल्या गोणपाटात गुंडाळा, तासन्‌तास जिवंत राहते. म्हणूनच बाजारात ती घमेल्यात वळवळताना दिसते आणि भावही चढा मिळतो. चिरण्याआधी डोक्यावर एक नेमका टोला घालून तिचे हाल संपवावेत. मग चुलीतली राख चोळून बुळबुळीतपणा काढावा, खवले उलट्या हाताने खरवडावेत आणि मीठ लावून दोनदा धुवावे. काटे कमी, म्हणून आजारातून उठलेल्या माणसाला आणि लहान मुलांना ती आवर्जून देतात. डोके टाकू नका. लसूण, कोकम आणि भाजलेल्या खोबऱ्याच्या रश्शाला खरी चव तिथूनच येते.